मिस्त्रीच्या घरची गाडी

"मग हा वास कशाचा हाये, मामा?" पुनम म्हणाली आणि तिने रुद्रचा मोजा सासऱ्यांच्या नाकाशी नेला. सहा वर्षांचा रुद्र एका पायात बूट, एक पाय उघडा असा ओसरीच्या पायरीवर बसून होता. शाळेला उशीर होतोय याचा त्याला आनंद व्हावा की भीती वाटावी, हे अजून ठरलं नव्हतं.

माणिकरावांनी मान मागे घेतली. धुतल्यावर नीट वाळला नसेल, म्हणाले. पुनमने सांगितलं की मोजा काल धुतला, परवा धुतला आणि त्याच्या आदल्या दिवशीही धुतला, आणि साबणाने कुठल्याच कपड्याला पेट्रोलचा वास येत नाही. पारुबाई स्वयंपाकघरातून भाकरीचं पीठ लागलेल्या हातानेच बाहेर आल्या. हिच्या माहेरी गाडी नव्हती, म्हणून हिला वास लवकर येतो, असं त्या भिंतीला उद्देशून बोलल्या.

"माहेरी गाडी होती, आत्याबाई," पुनम म्हणाली. "गळत नव्हती."

मग तिने ओसरीत उभ्या मोटरसायकलखाली ठेवलेला श्रीखंडाचा डबा उचलून आणला. रात्रभर थेंब थेंब पडून त्यात बोटभर पेट्रोल साचलं होतं. गेले आठ दिवस माणिकराव रोज सकाळी ते परत टाकीत ओतायचे. ओसरी आणि गॅसची शेगडी यांच्यात एक भिंत होती, आणि त्या भिंतीला दार नव्हतं, पडदा होता. पुनमने डबा सासऱ्यांसमोर ठेवला, दुसरा मोजा रुद्रला घातला आणि वसमतच्या गॅरेजात गाडी दाखवा म्हणून पाचव्यांदा सांगितलं.

"मिस्त्रीच्या घरची गाडी गॅरेजात जाईल व्हय?" माणिकराव म्हणाले.

"तर मग लेकरू बसणार न्हाई तिच्यावर. गळायची थांबल तवा बघू."

तिने रुद्रचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि शाळेची व्हॅन थांबते त्या मारुतीच्या पाराकडे ती त्याला चालवत घेऊन गेली. रुद्र दोनदा मागे वळला. माणिकराव डबा उचलून, तो कुठे ठेवावा ते न सुचून, तसेच उभे राहिले.

कुरुंद्यात माणिकरावांना नावाने हाक मारणारी माणसं थोडीच. ते सगळ्यांचे मिस्त्री. एकतीस वर्षं एसटीच्या हिंगोली डेपोत वर्कशॉपला काढली, आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी परत आले ते त्या नावासकट. पिठाच्या गिरणीचा पट्टा सरकला, हातपंपाचा दांडा निसटला, शिलाई मशीनचं चाक अडलं, की बोलावणं यायचं. पुनम ब्लाउज शिवते, तिची मशीन त्यांनीच दोनदा चालू करून दिली होती. नाही म्हणणं त्यांना जमत नसे. खरं म्हणजे त्यांना कुणी असं काही विचारलंच नव्हतं, ज्याला नाही म्हणावं लागेल.

डेपोतली एकतीस वर्षं त्यांनी ब्रेकवर घालवली होती. बसचा ब्रेक हवेवर चालतो. पाइपातून कुठेतरी हवा निसटली की साबणाचं पाणी लावायचं, जिथे फुगा येतो तिथे गळती. ती जागा पक्की बंद केली की काम झालं. या कामात त्यांचा हात कुणी धरत नसे. पण डिझेलवर चालणाऱ्या बसला कार्बोरेटर नसतो. हे कुरुंद्यात कुणाला ठाऊक नव्हतं आणि माणिकरावांनी ते कधी सांगितलं नव्हतं. गाडी पंधरा वर्षांपूर्वी डेपोतल्याच एका कारकुनाकडून घेतलेली, तेव्हाही जुनीच. तिच्या कार्बोरेटरला काही झालं की डेपोसमोरचा एक पोरगा जेवणाच्या सुटीत नीट करून द्यायचा. घरी यायची ती नीट झालेली गाडी. ती कुणी नीट केली हे कुणी विचारत नसे. तसं खोटं असं ते कधी बोलले नव्हते.

निवृत्तीनंतर त्यांना एकच काम उरलं होतं. सव्वाआठला रुद्रला टाकीवर पुढे बसवायचं, वसमत रस्त्याला तीन किलोमीटरवर शाळा, तिथे सोडायचं आणि एकला परत आणायचं. टाकीवर बसलं की रुद्रचे पाय इंजिनाच्या दोन्ही बाजूंना लोंबायचे. वळणावर हॉर्न वाजवायचा मान त्याचा. कालव्याच्या पुलावर ते एक मिनिट थांबत. बगळे किती आहेत ते रुद्र मोजायचा आणि रोज चुकवायचा, कारण तो मोजेपर्यंत दोन उडायचे. या सगळ्याला जाऊन येऊन पाऊण तास लागे. तो पाऊण तास आता बंद पडला, तेव्हा माणिकरावांच्या लक्षात आलं की बाकीचा दिवस ते त्याच पाऊण तासाची वाट बघत असायचे.

व्हॅनचे तीन दिवस झाले आणि रविवार आला. माणिकरावांनी गाडी अंगणात घेतली आणि कार्बोरेटर खोलला. सुटे भाग ठेवायला त्यांनी परात घेतली, कणीक मळायची. त्यावरून पारुबाई आणि पुनम त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला आल्या. खालची कटोरी निघाली, आतला पांढरा फ्लोट निघाला, त्याच्या बुडाशी गव्हाएवढी एक सुई होती. माणिकरावांनी सगळं पेट्रोलने धुतलं, फुंकलं, पुसलं, जसं निघालं तसं परत बसवलं. थेंब पडतच राहिला. मग वाटलं, कटोरीची कडा बसत नसेल. माघातल्या एका लग्नाची पत्रिका जाड होती, तिची चकती कापून त्यांनी मध्ये घातली. तरी थेंब पडला.

मग ते पोतं अंथरून गाडीखाली आडवे झाले आणि बघत राहिले. थेंब कडेने पडत नव्हता. कटोरीच्या खाली पितळेची एक बारीक नळी होती, तिच्या तोंडातून पडत होता. म्हणजे गळती सापडली होती. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांना पुढचं काम समजलं. लिंबाची काडी घेतली, चाकूने टोकदार केली, कपड्याच्या साबणाच्या वडीवर चांगली घासली, कारण पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, आणि नळीत ठोकून बसवली.

सोमवारी सकाळी श्रीखंडाचा डबा कोरडा होता.

पारुबाईंनी नऊ वाजायच्या आत ही गोष्ट गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली. पुनमने गाडीखाली हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि "बरं," म्हणाली. रुद्रला तिने स्वतः उचलून टाकीवर बसवलं. दुपारी सासऱ्यांच्या ताटात न विचारता धपाट्यावर लोण्याचा गोळा आला. पुनमच्या भाषेत ती माफी होती आणि माणिकरावांना ती पोचली.

फक्त एक गोष्ट झाली. टाकीतून पेट्रोल खाली सोडायची चावी, म्हणजे कॉक, रात्रीही उघडाच राहायचा. गुरुवारी सकाळी गाडीला वीस किका माराव्या लागल्या, आणि इंजिनाच्या तेलाचं झाकण उघडलं तर तेल पातळ झालेलं आणि पेट्रोलचा वास. माणिकरावांनी झाकण परत लावलं, आजूबाजूला बघितलं आणि तेल बदलून टाकलं. त्या दिवसापासून गाडी थांबली की कॉक बंद. घरी बंद, शाळेपुढे बंद, पुलावरच्या एका मिनिटासाठीसुद्धा बंद. आबा हे काय करतात म्हणून रुद्रने विचारलं तेव्हा ते म्हणाले, गाडीला झोपवतो.

शनिवारी देवला आला. देवला हळद शिजवायच्या कामाला जायचा. फेब्रुवारी लागला की त्याचं कुकर आणि ड्रमचं गाडं या वावरातून त्या वावरात फिरायचं, आणि त्याची मोटरसायकल त्याच्यामागून. पारुबाईंची बातमी त्याच्यापर्यंत गेली होती. त्याच्याही गाडीची तीच नळी गळत होती. "मिस्त्री, तुमच्या गाडीला जे औषध दिलं तेच माज्या गाडीला द्या," तो म्हणाला आणि उकिडवा बसला. दहा मिनिटांत काम झालं. देवलाने थेंब पडतो का म्हणून तळहात धरून ठेवला आणि तो कोरडा राहिला तेव्हा हसला. वसमतचे मेकॅनिक नुसते लुटारू, म्हणाला, कटोरी न उघडता नवी सुई टाका म्हणतात.

निघताना त्याने गाडीवर बसल्या बसल्या विचारलं, "आता काई बघायचं न्हाई ना?"

कॉक बंद करत जा, हे वाक्य माणिकरावांच्या तोंडात आलं होतं. पण कॉक कशाला बंद करायचा, हे देवलाने विचारलं असतं. गळती थांबली असेल तर कॉक उघडा का चालत नाही? पुनम चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"न्हाई," माणिकराव म्हणाले. "जा बिनधास्त."

पाच दिवसांनी, गुरुवारी दुपारी, देवलाची गाडी पेटली. शिजवणीच्या भट्टीपासून दहा-बारा पावलांवर ती सकाळपासून उभी होती. जेवायला घरी जावं म्हणून त्याने किक मारली, तर इंजिनाच्या बाजूने जाळ आला आणि त्याच्या पँटीला लागला. हळदीवर झाकायला ओली पोती होती, ती माणसांनी त्याच्यावर टाकली, म्हणून जाळ गुडघ्याच्या वर चढला नाही. एक पिंढरी आणि एक हात भाजला. त्याला नांदेडला नेलं. गावात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की भट्टीजवळ गाडी लावायची अक्कल नव्हती देवलाला. मिस्त्रींचं नाव कुणी घेतलं नाही. घेण्याचं कारणच कुणाला दिसलं नाही.

शुक्रवारी सकाळी माणिकरावांनी नेहमीसारखं रुद्रला टाकीवर बसवलं. वळणावर रुद्रने हॉर्न वाजवला. पुलावर ते थांबले नाहीत. शाळेशी पोचेपर्यंत त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि रुद्रच्या लोंबणाऱ्या पायांवर जास्त होती. त्याला आत सोडलं, गाडी शाळेच्या कुंपणाला लावली, कॉक बंद केला, तो बंद झालाय का ते दोनदा बघितलं आणि वसमतला जाणाऱ्या बसमध्ये बसले.

देवलाची गाडी धम्मानंदच्या गॅरेजात आणून टाकली होती. धम्मानंद तिशीचा, बोलका. माणिकराव डेपोतून निवृत्त झालेत म्हणून त्याला त्यांच्याबद्दल आदर होता. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. गाडीची सीट अर्धी वितळलेली, एका बाजूला काळी. एअर फिल्टरचा डबा उघडून त्याने तो माणिकरावांपुढे धरला आणि यात पेट्रोल भरलं होतं म्हणाला. मग त्याने काउंटरवरची एक काडी उचलली. एका टोकाला जळालेली, दुसऱ्या टोकाला अजून साबण होता.

"काका, तुमी डेपोतले. तुमीच सांगा, ही नळी कोणी बंद करतं का?"

माणिकराव काडीकडे बघत राहिले.

धम्मानंदला वाटलं, काका परीक्षा घेतायत. म्हणून तो सांगत गेला. आतली सुई झिजली की पेट्रोल बसल्या जागी थांबत नाही. ते इंजिनात जाऊ नये म्हणूनच ही नळी ठेवलेली असते. ही गळायला लागली की समजायचं, आतली सुई बदला. सुई बदलायला अर्धा तास लागत नाही. पण कुणीतरी हिचं तोंडच बांधून टाकलं. मग ते पेट्रोल गेलं इंजिनात, गेलं फिल्टरमध्ये, आणि बसलं तिथे ठिणगीची वाट बघत.

"कॉक बंद ठेवला आसता तर?" माणिकरावांनी विचारलं. एवढं एकच त्यांनी विचारलं.

"तर वाचला आसता बहुतेक. पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत? ज्यानं खुंटी मारली त्यानं सांगायला पायजे व्हतं." धम्मानंदने काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. "कोण गाढव आसन कोणास ठाऊक. देवला तर शुद्धीत हाये, पण नाव सांगना. म्हणतो, त्या माणसाचा काई दोष न्हाई."

चहा आला होता. माणिकरावांनी तो सगळा प्यायला.

एक वाजता ते शाळेच्या फाटकाशी होते. रुद्र धावत आला आणि सवयीने टाकीवर चढायला पाय टाकला. आज गाडी ढकलत न्यायची, ते म्हणाले. रुद्रला वाटलं, हा खेळ आहे. मग ढकलताना तरी बसू द्या, तो म्हणाला. माणिकरावांनी नको म्हटलं. नुसतं सीटवर? तिथेही नको. रुद्र त्यांच्या उजव्या हाताने चालत होता, त्याला त्यांनी डावीकडे घेतलं, आणि मग स्वतःपासून चार पावलं पुढे. तीन किलोमीटर उन्हात ते असे गेले. कालव्याच्या पुलावर एक ओळखीचा ट्रॅक्टरवाला थांबला, पेट्रोल संपलं का मिस्त्री, म्हणून विचारलं. माणिकराव व्हय म्हणाले. मग रुद्रने विचारलं, आबा, टाकी हलवली तर आत वाजतंय की, मग संपलं कसं. त्यांनी हँडल धरून गाडी पुढे ढकलली. घर येईपर्यंत रुद्र रुसून पुढे पुढे चालत राहिला.

गाडी त्यांनी ओसरीत घेतली नाही. गोठ्याच्या पलीकडे, उघड्यावर लावली. पारुबाईंनी कारण विचारलं, तर उकडतंय म्हणाले. याला काही अर्थ नव्हता, पण त्या वेळी पारुबाईंकडे दुसरी मोठी बातमी होती.

शिवशंकर, त्यांचा मुलगा, वसमतच्या हळदीच्या आडतीवर कामाला. तो दिवेलागणीला आला, हातपाय धुतले आणि सगळे जेवायला बसले. पारुबाई बातमी सांगत होत्या. देवलाची बायको नांदेडहून कपडे न्यायला गावात आली होती. तिच्याशी बोलणं झालं. ती म्हणाली, मिस्त्रींनी गाडी चांगली केली होती हो, आमचंच नशीब फुटकं. घरवालासुद्धा दवाखान्यात तेच म्हणतो, मिस्त्रींना कुणी बोल लावू नका. हे सांगताना पारुबाईंचा आवाज भरून आला होता, आणि त्यात थोडा अभिमानही होता. माणसं असावीत तर अशी, त्या म्हणाल्या.

पुनम वाढत होती. उद्या शनिवार, सकाळची शाळा. आपल्याला लग्नाचे चार ब्लाउज द्यायचे आहेत, पाराशी जायला वेळ नाही, तेव्हा मामांनी सातलाच निघावं, असं तिने वाढता वाढता सांगितलं. त्यांच्या पानात तिने दुसरी भाकरी वाढली, तेव्हा पहिली तशीच होती.

"ती खुंटी मी मारली व्हती," माणिकराव म्हणाले.

कसली खुंटी, हे कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. नळी कशासाठी असते ते धम्मानंदच्या शब्दांत सांगितलं, कारण त्यांच्याकडे स्वतःचे शब्द नव्हते. कॉकचंही सांगितलं. आपल्याला गुरुवारीच काहीतरी कळलं होतं आणि शनिवारी देवलाने विचारलं तेव्हा आपण नाही म्हणालो, हेही सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. डेपोत बिघाडाची नोंद वाचून दाखवावी तसं ते बोलत गेले.

पारुबाई म्हणाल्या, भट्टी होती ना तिथे, भट्टीनेच पेटली असेल. मग शिवशंकर हळू म्हणाला की धम्मानंदला ठाऊक नाही, देवला बोलत नाही, तर बाबांनी आता बाहेर कशाला बोलायचं. देवलाच्या दवाखान्याला आपण मदत करू, नाव न काढता. कशाला उगीच एवढ्या वर्षांचं नाव घालवायचं.

पुनम अजून भाकरीची दुरडी हातात घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

"आपल्या गाडीलाबी तीच हाये?" तिने विचारलं.

"व्हय."

"आजबी व्हती? सकाळी?"

"व्हय."

तिने दुरडी खाली ठेवली. रुद्र भाताचे गोळे करून ताटाच्या कडेला रांगेत लावत होता. पुनमने त्याला भाताने भरल्या हातासकट उचललं. सहा वर्षांचं लेकरू उचलायला जड झालं होतं, तरी उचललं आणि कडेवर घेऊन पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती ओरडली नाही. रुद्रच्या पिंढरीवरून तिचा तळहात वर-खाली फिरत होता आणि ते तिला माहीत नव्हतं. रुद्र म्हणाला, गुदगुल्या होतात.

माणिकरावांनी पानातली भाकरी मोडली नाही. तांब्यातलं पाणी घेऊन ताटातच हात धुतला, जे या घरात ते इतरांना करू देत नसत.

"कार्बोरेटर मला येत न्हाई," ते म्हणाले. "पयल्यापासून येत न्हाई. बसला ते नसतंच. मी सकाळच्या बसनं नांदेडला चाललो, देवलाला सांगून येतो, त्याच्या बायकोलाबी. रुद्र व्हॅननं जाईल. उद्याबी आन् पुढंबी."